ड्राफ्टिंगमध्ये करिअर करायचंय: पुढचं सॉफ्टवेअर शिकू की आधी दुसरं काही?

नवी_रेघ

नमस्कार. ऑटोकॅडचा टूडी कोर्स झालाय. समोर छापील ड्रॉइंग ठेवलं तर ते जसंच्या तसं उतरवता येतं; लेयर, ब्लॉक, लेआउट, प्लॉट इथपर्यंत जमतं. पण हातात नुसता एखादा पार्ट देऊन "याचं ड्रॉइंग कर" म्हटलं की गाडी अडते. किती व्ह्यू द्यायचे, मापं कुठून धरायची, टॉलरन्स (मापात चालणारी कमी-जास्त सूट) कशावर आणि किती, काहीच ठरवता येत नाही.

काम ड्राफ्टिंगमध्येच करायचं आहे. जाहिराती बघितल्या तर कुणाला सॉलिडवर्क्स (थ्रीडी सॉफ्टवेअर) आणि जीडी अँड टी (आकार आणि जागेची सूट चिन्हांनी दाखवायची पद्धत) हवं, कुणाला रेव्हिट (इमारतींच्या मॉडेलचं सॉफ्टवेअर), कुणाला आरसीसी डिटेलिंग (काँक्रीटमधल्या सळयांची ड्रॉइंगं). मेकॅनिकल की सिव्हिल हे कशावरून ठरवायचं? ड्रॉइंग बोर्डवर हाताने काढायचा सराव अजून लागतो का? आणि थ्रीडी मॉडेलवरून व्ह्यू आपोआप पडतात, मग ड्राफ्ट्समनला किती दिवस काम राहणार, असंही ऐकू येतं. जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

लाल_पेन

तुमची अडचण तुम्हीच नेमकी लिहिली आहे. उतरवणं जमतं, ठरवणं जमत नाही. नवीन सॉफ्टवेअर शिकलात तर उतरवण्याचा वेग वाढेल, अडचण तिथेच राहील.

साधं उदाहरण घ्या. एक पट्टी, तिच्यात ओळीने सहा होल, दर दोन होलांत 40 मिमी. नवखा माणूस 40, 40, 40 अशी साखळी लावून मोकळा होतो. टायटल ब्लॉकमध्ये (शीटवरच्या माहितीच्या चौकटीत) आयएसओ 2768-एम, म्हणजे वेगळी सूट न दिलेल्या मापांचा सर्वसाधारण तक्ता, छापलेलं असतं. त्या तक्त्यात 30 ते 120 मिमीच्या मापाला ±0.3 आहे. पहिल्या होलापासून सहाव्यापर्यंत पाच गाळे, म्हणजे सूट साठत साठत ±1.5 झाली. एम8 बोल्टला 9 चं होल दिलं असेल तर मोकळी जागा सगळी मिळून 1 मिमी. ऑपरेटरने प्रत्येक माप ड्रॉइंगप्रमाणे धरलं, इन्स्पेक्शनमध्ये पार्ट पास झाला आणि असेंब्लीत शेवटचा बोल्ट जात नाही. यात ऑपरेटरची चूक शून्य.

मग कुणी सांगतं, सगळी मापं पहिल्या होलापासून द्या: 40, 80, 120, 160, 200. सूट साठत नाही हे खरं. 200 ला त्याच तक्त्यात ±0.5 आहे. पण शेजारच्या दोन होलांमधलं अंतर आता वजाबाकीतून येतं. 160 ला ±0.5, 200 ला ±0.5, म्हणजे शेवटच्या दोन होलांत ±1.0 चा फरक पडू शकतो. साखळीत तिथे ±0.3 होता! शेजाऱ्यांचं नातं महत्त्वाचं असेल तर हा उपाय उलटा बसतो.

इथे पोझिशन टॉलरन्स लागतो, म्हणजे होलचा मध्य खऱ्या जागेपासून किती सरकला तर चालेल याची सूट. दोन्ही पार्टना मोकळी होलं असतील तर हिशेब सोपा आहे: होलचा लहानात लहान व्यास वजा बोल्टचा मोठ्यात मोठा व्यास. 9 वजा 8, म्हणजे 1 मिमी व्यासाचा टॉलरन्स प्रत्येक पार्टला देता येतो. एका पार्टमध्ये आटे असतील तर बोल्ट तिथे जखडला जातो आणि तोच 1 मिमी दोघांत वाटावा लागतो, सरळ वाटणीत 0.5 आणि 0.5. जीडी अँड टी या दिशेने शिकायचं: पार्ट कशाला टेकतो, कशात बसतो, काय अडलं तर असेंब्ली अडते. चिन्हांचा तक्ता पाठ करून फारसा उपयोग नाही.

एक खाचखळगा आत्ताच लक्षात ठेवा. एएसएमई वाय14.5 आणि आयएसओ 1101 यांची चिन्हं बरीचशी सारखी दिसतात, पण मूळ गृहीतक वेगळं आहे. एएसएमईत मापाची मर्यादा आकारालाही बांधते: शाफ्ट कमाल मापाला असेल तर तो वाकडा असून चालत नाही. आयएसओत माप आणि आकार स्वतंत्र धरतात. तसं बंधन हवं असेल तर मापापुढे वर्तुळातला ई लिहावा लागतो. म्हणून शीटवर कोणतं स्टँडर्ड आहे ते आधी वाचायचं.

दुसरं म्हणजे, काढलेली वस्तू करता येते का ते बघायचं. बंद होलात एम8 चे आटे 16 मिमी खोल आणि 6.8 चं ड्रिलही 16 मिमी खोल, अशी ड्रॉइंगं चेकिंगला सर्रास येतात. टॅपच्या (आटे पाडायच्या हत्याराच्या) टोकाचे दाते उतरते असतात, ते पूर्ण आटे पाडत नाहीत, शिवाय चिप्सना जागा लागते. ड्रिल 22 च्या आसपास खोल द्या, नाहीतर टॅप तळाला टेकून मोडतो.

रिंग_आणि_कव्हर

सिव्हिलची बाजू मांडतो. इथे मायक्रॉनचा प्रश्न नाही, प्रश्न आहे तो सळई प्रत्यक्षात त्या जागी मावेल का याचा.

कव्हरपासून (सळईवरच्या काँक्रीटच्या थरापासून) सुरुवात करा. बीम 300 × 500, कव्हर 25, रिंग (मुख्य सळयांभोवतीची चौकोनी कडी) 8 मिमीची. कव्हर मोजायचं ते काँक्रीटच्या बाहेरच्या पृष्ठभागापासून सगळ्यात बाहेरच्या सळईपर्यंत, म्हणजे रिंगच्या बाहेरच्या कडेपर्यंत. शिकाऊ माणूस 25 मुख्य सळईपर्यंत धरतो. रिंग तिच्या बाहेर असते, त्यामुळे प्रत्यक्ष कव्हर 17 उरतं. शीटवर हा फरक डोळ्याला दिसतही नाही.

आता रिंगची कटिंग लेंथ. बाहेरून 250 × 450, परिमिती 1400. बऱ्याच साइटवर चालणारा ठोकताळा असा: प्रत्येक हुकाला 10 डी (डी म्हणजे सळईचा व्यास) जमा, 90 अंशाच्या प्रत्येक बेंडला 2 डी वजा, 135 अंशाच्या बेंडला 3 डी वजा. 8 मिमीच्या सळईला हुकांचे 160 जमा, तीन काटकोनांचे 48 वजा, दोन हुकांच्या बेंडचे 48 वजा. उत्तर 1464. प्रोजेक्टच्या जनरल नोट्समध्ये वेगळा नियम दिला असेल तर तोच धरायचा, ठोकताळा नाही. वजनासाठी व्यासाचा वर्ग भागिले 162, उत्तर किलो प्रति मीटर: 12 मिमीला 0.889, 16 मिमीला 1.58. हा 162 स्टीलच्या 7850 किलो प्रति घनमीटर घनतेतून येतो, एकदा स्वतः काढून बघा म्हणजे विसरणार नाही.

खरी परीक्षा बीम-कॉलमच्या जंक्शनवर. दोन दिशांनी बीम येतात, दोघांच्या वरच्या सळया एकाच लेव्हलला दाखवलेल्या असतात. कागदावर त्या एकमेकींतून आरपार जातात, साइटवर एक खाली दाबावी लागते. खाली गेलेल्या बीमची इफेक्टिव्ह डेप्थ (ताण घेणाऱ्या सळईपर्यंतची उपयोगी खोली) तेवढी कमी होते आणि हे डिझायनरला कुणी कळवलेलंच नसतं. त्यात कॉलमच्या सळयांचे लॅप (एकावर एक घेतलेले जोड) तिथेच आले तर व्हायब्रेटरची सुई जायला वाट राहत नाही, काँक्रीट पोकळ राहतं. म्हणून जंक्शनचं मोठ्या स्केलचं डिटेल, 1:10 वगैरे, प्रत्येक सळई तिच्या खऱ्या जाडीने काढून बघायचं. एका रेघेची सळई सगळीकडे मावते.

मेकॅनिकल की सिव्हिल? तुम्ही मशीनचे भाग हातात घेऊन उलटसुलट बघत बसता की बांधकामाशेजारी थांबून वर बघता, त्यावरून ठरवा. दोन्हीकडे काम आहे. पाइपिंग, इलेक्ट्रिकल पॅनल, स्ट्रक्चरल स्टील, डक्टिंग अशी उपक्षेत्रंही आहेत आणि त्यात माणसं कमी असतात. अर्धवट दोन क्षेत्रं मात्र धरू नका.

पत्रा_दोन_मिमी

शीट मेटलबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून थोडं.

2 मिमी पत्रा, आतली बेंड रेडियस 2, दोन्ही फ्लँज (वाकवलेल्या बाजू) बाहेरून 50, काटकोन. सपाट पत्रा किती कापायचा? 100 म्हणणाऱ्याचा जॉब वाया जातो. के फॅक्टर (वाकताना न ताणला जाणारा थर आतून जाडीच्या किती भागावर आहे तो आकडा) 0.4 धरला तर बेंडमध्ये जाणारी लांबी = 1.5708 × (2 + 0.4 × 2) = 4.40. दोन्ही सपाट भाग 46 आणि 46. एकूण 96.40. म्हणजे एका बेंडला 3.60 वजा. चार बेंडचा बॉक्स असेल तर 14 मिमीच्या वर फरक.

सॉफ्टवेअर हे गणित स्वतः करतं, पण के फॅक्टर त्याला तुम्हीच देता. मॉडेलमध्ये डीफॉल्ट आकडा तसाच सोडणं ही या कामातली सगळ्यात महाग सवय आहे. आकडा मिळवायचा तो ज्या प्रेसवर जॉब होणार तिथून: त्याच पत्र्याची बरोबर 100 मिमी लांब पट्टी घ्या, त्याच डायवर मधोमध काटकोनात वाकवा, दोन्ही फ्लँज बाहेरून मोजा. बेरीज 103.6 आली तर वजावट 3.6. डायची रुंदी बदलली की आतली रेडियस बदलते आणि आकडाही.

बेंडच्या जवळ होल देताना होलची कड आणि बेंडची आतली बाजू यांत साधारण दोन जाडी अधिक रेडियस एवढं अंतर सोडा, इथे 6 मिमी. कमी पडलं तर होल अंडाकृती होतं.

आणि लेझरला डीएक्सएफ (कटिंगसाठी रेघांची फाइल) पाठवताना: लेझर तुमचा आकडा वाचत नाही, रेघ वाचतो. डायमेन्शनवर डबल क्लिक करून 118 च्या जागी हाताने 120 टाइप केलं की शीट बरोबर दिसतं आणि पत्रा 118 चा कापला जातो. आकडा चुकला तर भूमिती दुरुस्त करा, आकड्याला हात लावू नका. एकावर एक दोन रेघा राहिल्या तर लेझर त्याच जागी दोनदा फिरतो, म्हणून ओव्हरकिल (दुहेरी रेघा काढून टाकणारी कमांड) चालवा. कोपऱ्यात 0.01 ची फट राहिली तर कॉन्टूर बंद होत नाही. युनिट तपासा, इंच-मिमीची गफलत झाली की पार्ट 25.4 पट मोठा किंवा लहान उघडतो. तो प्रकार निदान लगेच दिसतो, 118-120 वाला दिसत नाही.

टी_स्क्वेअर

बोर्डबद्दल: दोन महिने तरी काढाच. कागद खोडून खोडून फाटतो म्हणून आधी विचार करायची सवय लागते. कॅडमध्ये अनडू आहे, तिथे विचार नंतर होतो. रेघांच्या जाडीचं भानही बोर्डवरच येतं.

लाल_पेन

टी_स्क्वेअर, याच्याशी सहमत नाही. बोर्ड, मिनी ड्राफ्टर, शाईचे पेन यात घालवलेले दोन महिने मोजमाप घेण्यात घालवावेत. हात हवा, पण फ्रीहँड. व्हर्नियर आणि कागद घेऊन मशीनपाशी उभं राहून पाच मिनिटांत तीन व्ह्यू आणि मापं टिपता आली पाहिजेत. फ्रीहँडमध्येही प्रमाण सांभाळायचं: रुंदी उंचीच्या दुप्पट असेल तर स्केचमध्येही दुप्पटच.

सरावासाठी घरातलीच वस्तू घ्या. दाराचं बिजागर उत्तम. दोन पानं, पिन, वळवलेला पत्रा, काउंटरसंक होलं, सगळं त्यात आहे. उघडून मोजा, प्रत्येक भागाचं डिटेल करा, मग असेंब्ली आणि पार्ट लिस्ट. पिन आणि वळवलेला गोल भाग यांत फिट (दोन भाग एकमेकांत किती सैल किंवा घट्ट बसतात ते) द्यायची वेळ येईल तेव्हा आयएसओ 286 चा तक्ता उघडा. उदाहरणादाखल 25 व्यासाला एच7/जी6 (होलला एच7, शाफ्टला जी6): होल +0.021 आणि 0, शाफ्ट −0.007 आणि −0.020. मोकळीक कमीत कमी 0.007, जास्तीत जास्त 0.041. आता स्वतःला विचारा, बिजागराला एवढा कडक फिट कशाला? नको असेल तर देऊ नका. गरज नसताना दिलेला घट्ट टॉलरन्स म्हणजे विनाकारण ग्राइंडिंग.

रेघांच्या जाडीसाठी बोर्ड लागत नाही. मेकॅनिकलमध्ये जाड-बारीक 2:1, 0.5 आणि 0.25, किंवा 0.7 आणि 0.35. प्लॉट स्टाइलमध्ये एकदा बसवून टाका.

नवी_रेघ

खूप मोलाची माहिती, मंडळी. बिजागर काढायला घेते. अजून दोन गोष्टी: मुलाखतीत ड्रॉइंगची टेस्ट घेतात त्यात नेमकं काय तपासतात? आणि पोर्टफोलिओत किती शीट आणि कसल्या?

लाल_पेन

टेस्ट दोन प्रकारची असते. पहिली: आयसोमेट्रिक (तिरकं थ्रीडी दिसणारं चित्र) देऊन तीन व्ह्यू आणि एक सेक्शन काढायला सांगतात. काढण्याआधी दहा मिनिटं नुसतं वाचा. फर्स्ट अँगल की थर्ड अँगल ते शीटवरच्या कापलेल्या शंकूच्या चिन्हावरून ठरवा. फर्स्ट अँगलमध्ये टॉप व्ह्यू फ्रंटच्या खाली येतो, थर्डमध्ये वर. इथे चुकलात तर उजव्या हाताचा ब्रॅकेट डाव्या हाताचा तयार होतो, आणि भूमिती इतकी सारखी असते की तो चुकीचा आहे हे असेंब्लीपर्यंत कळत नाही.

सेक्शनमध्ये तपासणारे हमखास बघतात ती जागा: रिब लांबीच्या दिशेने कापली गेली तरी तिला हॅचिंग (कापलेला भाग दाखवणाऱ्या तिरप्या रेघा) नसतं. शाफ्ट, बोल्ट, पिन, की यांनाही नाही. सगळ्यावर हॅच फिरवणारा लगेच ओळखू येतो. सेक्शन घेतल्यावर त्याच व्ह्यूत तुटक रेघांचं जंगल ठेवू नका. एक माप दोनदा देऊ नका. एकूण लांबी दिली असेल तर साखळीतलं एक माप मोकळं सोडा किंवा कंसात टाका, नाहीतर मापं एकमेकांशी भांडतात.

दुसरी टेस्ट जास्त प्रामाणिक: चुका पेरलेलं ड्रॉइंग हातात देतात आणि शोधायला सांगतात. याची तयारी घरी करता येते. स्वतःचं शीट कागदावर छापा, पिवळा हायलायटर आणि लाल पेन घ्या. प्रत्येक आकडा, प्रत्येक नोट, टायटल ब्लॉकचा प्रत्येक रकाना तपासून बरोबर असेल तर पिवळा, चूक असेल तर लाल. पिवळं किंवा लाल न झालेलं एकही अक्षर राहता कामा नये. स्क्रीनवर नजर घसरते, कागदावर घसरली तर न रंगवलेली जागा दिसते.

पोर्टफोलिओत सहा ते आठ शीट पुरे. त्यात एक असेंब्ली, तिच्या दोन-तीन भागांची डिटेल, पार्ट लिस्ट, एक शीट मेटलचा भाग सपाट पॅटर्नसकट, आणि एक रिव्हिजन झालेलं शीट. हे शेवटचं बहुतेकांकडे नसतं. बदलाभोवती ढग, त्रिकोणात अक्षर, रिव्हिजनच्या तक्त्यात काय बदललं ते एका ओळीत. "मापं सुधारली" असं नाही. "ड्रिल 16 खोल होतं ते 22 केलं, टॅप तळाला टेकत असल्यामुळे" असं. आणि नियम माहीत असू द्या: नवा भाग जुन्याच्या जागी बिनदिक्कत बसत असेल तर रिव्हिजन, बसत नसेल तर नवा पार्ट नंबर. जुनाच नंबर ठेवला तर स्टोअरच्या एकाच खणात दोन न जुळणारे भाग पडतात.

इंटरनेटवरून उतरवलेली इंजिनांची चकचकीत रेंडर चित्रं घालू नका. बघणारा पहिला प्रश्न विचारतो, हे माप इथून का धरलं?

पत्रा_दोन_मिमी

आपोआप पडणाऱ्या व्ह्यूंबद्दलचा प्रश्न राहिला. व्ह्यू पडतात, मापंही पडतात. पण मॉडेलमधून आलेली मापं ही स्केच कसं काढलं त्याची मापं असतात. वस्तू कशी तपासायची ते त्यांतून कळत नाही. स्केच मध्यातून काढलं असेल तर मध्यातून माप येतं, जिथे कुणालाच व्हर्नियर लावता येत नाही. फक्त व्ह्यू लावणाऱ्याचं काम कमी होणार हे खरं आहे. डेटम (मापं जिथून धरायची तो आधार) ठरवणारा, चेकर, आणि मॉडेल-ड्रॉइंग-डीएक्सएफ एकमेकांशी जुळवून ठेवणारा यांचं नाही.

रिंग_आणि_कव्हर

पोर्टफोलिओ पीडीएफमध्ये पाठवताना एक बघा. शीट ए1 ची आणि समोरचा ए3 वर छापणार, हे धरूनच चाला. लांबी-रुंदी निम्मी होते, 1:50 चं स्केल 1:100 होतं, 2.5 मिमीचं अक्षर 1.25 चं होतं आणि वाचता येत नाही. एकतर मुळात ए3 वरच काढा, नाहीतर ए1 वर मापांची अक्षरं किमान 3.5 ठेवा, स्केलच्या रकान्यात शीटचा आकारही लिहा आणि शेजारी एक स्केल बार द्या. बार शीटबरोबर लहान होतो, त्यामुळे कितीही कमी करून छापलं तरी माप काढता येतं. पाठवण्याआधी स्वतः ए3 वर एक प्रिंट काढून बघा.